माशांना जास्त झालं, मोगऱ्याला कमी पडलं

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं. लग्नाला सहा वर्षं झाली, घरात ती, नवरा आणि सासूबाई. टेरेसवरच्या साठेक कुंड्या तिच्या, हॉलमधला दोन फुटी फिश टँक त्याचा. मे महिन्यात ती बहिणीच्या बाळंतपणासाठी बारा दिवस साताऱ्याला गेली, तेव्हा नवऱ्याने रोज सकाळ-संध्याकाळ पाइप लावून झाडांना भरपूर पाणी घातलं. त्यात अडेनियम आणि बरीच सक्युलंट्स, म्हणजे पानाखोडात पाणी साठवणारी झाडं, कुजली, आणि पाइप ज्या कोपऱ्यात पोचत नाही तिथला, तिच्या साताऱ्याच्या आजीच्या घरून आणलेला मोगरा वाळला. त्यावरून ती त्याला बरंच बोलली. मग जूनच्या शेवटी तो ऑफिसच्या कामाला पाच दिवस बेंगळुरूला गेला आणि टँक तिच्यावर आला. मासे सारखे काचेशी येऊन तोंड उघडतात म्हणून तिने दिवसातून तीनदा खाणं घातलं, पाणी दुधासारखं झालं, मग शुक्रवारी तिने सगळं पाणी काढलं, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला आणि टँक नव्याने भरला. तो परत येईपर्यंत चारपैकी तीन गोल्डफिश आणि दोन्ही मॉली गेले, एक गोल्डफिश आणि काच साफ करणारा सकर मासा तेवढे उरले. तो फक्त 'असू दे' म्हणाला आणि तेव्हापासून टँककडे फारसा फिरकत नाही. सासूबाई म्हणतात घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं, आणि तसंही मुक्या जिवांना कोंडून ठेवायचंच कशाला, काढून टाका ते. दहा दिवसांनी लग्नाचा वाढदिवस आहे. प्रश्न असा की त्या दिवशी अगदी तसेच मासे आणून सरप्राइज द्यावं, की टँक बंद करून विषयच संपवावा? आणि 'मी त्याचे मासे मारले' हे मी मनात घेऊन बसायचं, तर 'त्याने माझी झाडं मारली' त्याचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर हे वाचून संपेपर्यंत तुम्ही कुठल्यातरी दुकानात ॲडव्हान्स देऊन बसाल. वाढदिवसाला मासे आणू नका. नवरा-बायकोचं जे काही आहे ते आपण पुढे बोलूच, पण आत्ता त्या टँकमध्ये नवे मासे सोडलेत तर ते मरायची शक्यता खूप आहे, आणि सरप्राइज म्हणून आणलेले मासे आठवड्याभरात त्याच्या डोळ्यांदेखत उलटे तरंगायला लागले तर काय होईल ते मी सांगायला नको.

का मरतील ते नीट सांगते, कारण मला वाटतं तुमच्या घरात हे कुणी कुणाला सांगितलेलंच नाहीये. पाणी आपल्याला स्वच्छ दिसतं म्हणजे ते माशांसाठी चांगलं असतंच असं नाही. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो त्यांच्यासाठी विष. तो संपवतात कोण, तर फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले बॅक्टेरिया. त्यातली एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, ते पण विषारीच, मग दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे सगळं नव्या टँकमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही स्पंज आणि खडी एकाच दिवशी नळाखाली चोळलीत तेव्हा यातले बरेच बॅक्टेरिया वाहून गेले, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो मुळात जंतू मारायलाच असतो, तो चांगले-वाईट बघत बसत नाही. शिवाय क्लोरीनने माशांच्या कल्ल्यांनाच इजा होते. म्हणजे मासे गेले ते बहुतेक या तिहेरी माऱ्याने, आधी जास्त खाण्याने अमोनिया वाढला, मग एकदम शंभर टक्के नवं, क्लोरीनचं पाणी, आणि मग अमोनिया संपवणारं कुणी शिल्लकच नाही. त्याला आत्ता तीनच आठवडे झालेत, म्हणजे तुमच्या टँकची घडी जेमतेम अर्धी बसली असेल.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मीच मारले ना. थांबा.

त्या टँकचं माप तुम्ही लिहिलंय, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तरी त्यात 56 लिटरच्या आसपास पाणी बसतं, खडी टाकल्यावर त्याहून कमी. त्यात चार गोल्डफिश, दोन मॉली आणि एक सकर. गोल्डफिश दुकानात दोन इंचाचा दिसतो म्हणून फसायला होतं, नीट वाढला तर वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगू शकतो, आणि घाण करण्यात तर त्याचा हात कुणी धरू शकत नाही. मॉलीला कोमट पाणी मानवतं, गोल्डफिशला त्यापेक्षा गार. म्हणजे ही वस्ती मुळातच दाटीवाटीची होती आणि शेजारी एकमेकांना न मानवणारे होते. नवरा घरी असताना तो ठरल्या वेळी थोडं थोडं पाणी बदलत असणार, चिमूटभरच खाणं घालत असणार, म्हणून ते चाललं होतं. असा टँक म्हणजे गच्च भरलेली सिटी बस, ड्रायव्हर सवयीचा आहे तोवर ठीक. आणि तुम्हाला त्याने जाताना सांगितलं काय? पत्रात तुम्ही लिहिलंय, 'खाणं घाल एवढंच म्हणाला.' एवढंच. किती, कितीदा, पाणी गढूळ झालं तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, यातलं काही नाही.

आणि तुम्ही साताऱ्याला जाताना त्याला काय सांगितलं होतं? तुमच्याच पत्रात आहे, 'रोज पाणी घाल, मोगऱ्याला विसरू नकोस.' त्याने रोज घातलं. सकाळी आणि संध्याकाळी घातलं, बिचाऱ्याने दुप्पट घातलं. अडेनियमला मातीत सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाड वरून कसं दिसतं तर तहानेल्यासारखंच, पानं मलूल, माना टाकलेल्या. बागकाम न करणारा माणूस ते बघून काय करणार, अजून पाणी घालणार. तुमच्या माशांचं तेच झालं बघा, ते काचेशी येऊन तोंड उघडतात म्हणून तुम्हाला वाटलं भूक लागली, आणि मासे तर पोट भरलेलं असलं तरी येतात, माणूस दिसला की खाणं येतं एवढं त्यांना कळलेलं असतं. दोघांनीही हयगय केली नाहीये, दोघांनीही जरा जास्तच केलंय. मोगरा तेवढा खरंच दुर्लक्षाने गेला, आणि तिथेसुद्धा पाइप पोचत नाही तर तांब्याने घाल हे त्याला सुचलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. एवढी मोठी झाडांची आवड असलेल्या बाईला ते सांगायची गरज वाटत नाही कारण तिच्यासाठी ते उघड असतं, आणि त्याला फिल्टर नळाखाली धुवायचा नसतो हे इतकं उघड आहे की त्याच्या तोंडातूनही ते निघालं नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नातलं ते 'त्याचं काय' मला जरा खटकलं. पाच मासे वजा एक मोगरा वजा अडेनियम असा हिशोब मांडला तर बाकी कुणाकडे निघते हे मला खरंच सांगता येणार नाही, आणि ती काढायची गरज का पडतेय ते बघा. तुमच्या घरात 'माझी झाडं' आणि 'त्याचे मासे' अशी सातबाऱ्यावर नोंद झाल्यासारखं आहे. सहा वर्षांत एकमेकांच्या हद्दीत फक्त उपकार म्हणून पाऊल टाकलंय, कुणी बाहेरगावी गेलं की. उपकार करणाऱ्याला प्रश्न विचारायला लाज वाटते, करून घेणाऱ्याला सूचना द्यायला संकोच वाटतो, आणि मग काही बिघडलं की उपकाराचाच अपराध होतो. आवडी वेगवेगळ्या असायला काहीच हरकत नाही, तुम्हाला मासे आवडलेच पाहिजेत असं मी म्हणत नाहीये, पण जी गोष्ट चोवीस तास घरात श्वास घेतेय तिचं निदान पाच दिवसांपुरतं तरी दोघांना कळायला हवं.

आता त्याचं गप्प राहणं. तुम्ही गृहीत धरलंय की तो रागावलाय. असेलही. पण अजून दोन-तीन गोष्टी असू शकतात. आपण नीट सांगून गेलो नाही याची त्यालाच टोचणी असेल. मोगऱ्यावरून तुम्ही जे बोललात त्यानंतर, आपण बोललो तर ती म्हणेल बघ आता कसा बोलतोस, म्हणून त्याने तोंड शिवून घेतलं असेल. किंवा नुसतं वाईट वाटत असेल आणि मासे मेल्याचं दुःख मोठ्या माणसाने किती करावं हे त्याला कळत नसेल, कारण कुत्रा गेला तर लोक भेटायला येतात, मासा गेला तर 'नवीन आण की' म्हणतात. तुमचं सरप्राइजही थोडंसं त्याच जातीचं आहे, रागावू नका. अगदी तसेच मासे आणणं म्हणजे झालेलं झालंच नाही असं करणं, आणि त्याला ते लगेच कळेल, कारण मासे पाळणाऱ्याला कुठल्या गोल्डफिशच्या शेपटीवर कुठे डाग होता ते पाठ असतं.

'रागावलायस का' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' येणार आणि दार बंद. त्यापेक्षा माशांबद्दल विचारा. त्यातला सगळ्यात जुना कुठला होता, कुठून आणला होतास, पाणी बदलताना तू नेमकं काय करतोस. आणि तुमच्या बाजूचं एकदा साधं सांगून टाका, की मी तीनदा खाणं घातलं आणि फिल्टर नळाखाली धुतला, मला माहीत नव्हतं, मला फार वाईट वाटतंय. एवढंच. त्याला 'पण तू पण मोगरा' हे शेपूट लावू नका, निदान त्या दिवशी तरी नाही. मोगऱ्याचं बोलायचं असेल तर वेगळ्या दिवशी बोला, आणि तेव्हा मे महिन्यात जे जास्तीचं बोललात त्याबद्दलही, कारण तुम्हीच लिहिलंय की 'तुला एक काम नीट जमत नाही' इथपर्यंत गेलं होतं. ते झाडाबद्दल नव्हतं ना.

सासूबाईंचं काय करायचं. संकट माशांनी अंगावर घेतलं हे पुण्यात घरोघरी ऐकू येतं, वास्तूवाल्यांनी तर त्यावर दुकानं चालवलीत. त्यांना त्यात समाधान वाटत असेल तर वाद घालायला जाऊ नका, पण तुम्ही दोघांनी त्याच्या आड लपू नका, कारण संकट म्हटलं की अमोनिया बघायचा राहून जातो आणि पुढच्या वेळी परत तेच होतं. त्यांचं दुसरं वाक्य मात्र मला महत्त्वाचं वाटतं. मुक्या जिवांना कोंडून ठेवू नये, हे गोल्डफिशच्या बाबतीत त्या अगदी बरोबर बोलल्यात, दोन फुटी टँकमध्ये चार म्हणजे कोंडणंच आहे. म्हणजे 'आई, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, आपण गर्दी कमी करतोय' असं त्यांना सांगता येईल आणि ते खोटंही नसेल. फक्त टँक ठेवायचा की काढायचा याचा निकाल त्यांच्याकडून घेऊ नका, तो टँक नवऱ्याचा आहे, निर्णय त्याने तुमच्याशी बोलून घ्यायचाय.

बंद करायचा का? त्याला खरंच पुरे झालं असेल तर बंद करण्यात कमीपणा काही नाही, उरलेल्या दोघांना चांगलं घर शोधायचं, टँक विकायचा. पण तो निर्णय या महिन्यात नको, मन आणि पाणी दोन्ही जरा स्थिर होऊ दे. चालू ठेवायचा तर एकाच गोल्डफिशसाठी मोठा टँक घ्यायचा, किंवा त्याला दुसरीकडे देऊन या टँकमध्ये आठ-दहा छोटे मासे ठेवायचे, नुसते नर गप्पी म्हणा. नर-मादी दोन्ही आणलेत तर दिवाळीपर्यंत सोसायटीत वाटत फिरावं लागेल. मला विचाराल तर मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूची आहे, पण मला कुणी विचारू नये, त्याला विचारावं.

तोवर जे दोन जीव उरलेत त्यांचं बघा, ते काम आजपासूनचं आहे. थेंब टाकून रंग बघायचं अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट मिळतं, ते आणा. दोन्ही शून्य यायला हवेत. नसतील तर एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला, खाणं दिवसातून एकदा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच, उरलं तर जाळीने काढून टाका. नवं पाणी बादलीत काढून त्यात अँटीक्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालायचं. ते नसेल तर बादली चोवीस तास उघडी ठेवली तरी साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येणार असं पेपरात आलं की शुक्रवारी टँकच्या वाटेला जायचंच नाही, बुधवारी बादली भरून ठेवायची. सोसायटीत टँकर आला किंवा बोअरचं पाणी मिसळलं तरी तसंच, ते जड पाणी असतं, एकदम खूप बदललं तर माशांना झेपत नाही. आणि स्पंज धुवायचाच तर टँकमधूनच काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही.

हे जे काढलेलं पाणी आहे ना, चौदा-पंधरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली, ते सहा वर्षं कुठे जात होतं? पत्रात नाही पण माझी पैज, बाथरूममध्ये. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खत आहे, आणि तुम्ही इकडे गांडूळखताच्या पिशव्या विकत आणताय. रविवारी त्याने बादली काढायची आणि टेरेसच्या दारात ठेवायची, तुम्ही ती पालेभाजीला, जास्वंदीला घालायची. फक्त टँकमध्ये मीठ किंवा माशांचं औषध घातलं असेल तर ते पाणी झाडांना नको. अजून एक सोपं म्हणजे मनीप्लांटची फांदी टँकच्या कडेला अशी अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, तो नायट्रेट शोषत राहतो आणि वाढतोही जोरात. गोल्डफिश कधीकधी मुळं कुरतडतो, कुरतडू दे.

आता शिकवणी. एका रविवारी तासभर त्याने तुम्हाला टँक शिकवायचा आणि पुढच्या रविवारी तुम्ही त्याला टेरेस. शिकवायचं म्हणजे करून दाखवायचं नाही, समोरच्याच्या हाताने करून घ्यायचं आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, हे दुसरं जास्त अवघड आहे, तुम्हाला तर फारच जाईल असं पत्रावरून वाटतंय. साठ कुंड्यांची नावं त्याला पाठ होणार नाहीत, अपेक्षाही करू नका, कुंड्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावा. निळी म्हणजे रोज, पिवळी म्हणजे बोटाचं पहिलं पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच, लाल म्हणजे हात लावू नकोस, मी आल्यावर बघीन. पावसाळ्यात तर निळ्याही निम्म्या होतात. टोकाच्या कोपऱ्यातल्या कुंड्या तुम्ही घरात नसताना सरळ पाइप पोचेल अशा जागी आणून ठेवा, माणसाला सुधारण्यापेक्षा कुंडी हलवणं सोपं. माशांच्या खाण्यासाठी सोमवार-मंगळवार लिहिलेला औषधांचा डबा असतो ना, सासूबाईंकडे असेलच, तसा एक नवा आणून त्यात एकेका दिवसाची चिमूट भरून ठेवायची, जो मागे राहील त्याने तेवढंच घालायचं. धडधाकट मोठ्या माशांना दोन-तीन दिवस खाणं नाही मिळालं तरी काही होत नाही, हे ऐकून तुमच्यासारख्या खाऊ घालणाऱ्या बायकांना त्रास होतो मला माहितीये. गणपतीला गावी जाल तेव्हा दोघंही नसाल, शेजारच्या काकूंच्या हातात माशांच्या खाण्याचा अख्खा डबा देऊन जाऊ नका, त्या तुमच्यापेक्षा मायाळू निघाल्या तर अवघड आहे.

ज्यांच्या घरी असंच हॉलमध्ये मासे आणि बाहेर झाडं आहेत त्यांनी अजून एक ऐका. डासांची लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे, आणि सोसायटीत धूर मारायला येतात तो, यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात आणि ती माशांना फार विषारी. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे तेही आत. टँकच्या खोलीत मशीन लावू नका, धूरवाले आले की टेरेसचं दार-खिडक्या बंद, टँकवर ओला टॉवेल आणि तेवढ्या वेळापुरता पंप बंद. झाडांवरच्या मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, कडुनिंबाचं तेल मारतानाही दार लावून घ्या. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, एप्रिल-मेमध्ये लाइट गेली की मासे वर येऊन धापा टाकतात ते त्यामुळे, तेव्हा बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असलेला बरा. टेरेसवर कमळाचा टब करून त्यात गप्पी सोडायची हौस बऱ्याच जणांना असते, छान कल्पना आहे, ते डासांच्या अळ्या खातात, महापालिकावालेही साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात ते त्यासाठीच. पण वर जाळी ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी खंड्या येऊन कठड्यावर बसलेला दिसेल, तो काही कमळ बघायला आलेला नसतो. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओता, डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

मोगरा टाकून दिलात का अजून कोपऱ्यातच आहे? असेल तर नखाने खोड जरासं खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. वाळलेलं सगळं हिरव्यापर्यंत छाटा, वरची माती थोडी बदला, थोडं शेणखत घाला, पावसाळ्यात फुटायची चांगली शक्यता आहे. खालपर्यंत तपकिरी आणि कडकडीत असेल तर गेला. पण साताऱ्याला आजीच्या घरचं मूळ झाड अजून असेल तर आत्ताच, जुलै-ऑगस्टमध्ये, फांदी लावायला चांगला हंगाम आहे, आणि ती आणायला दोघं मिळून जा. वाढदिवसाच्या आसपासचा शनिवार-रविवार बघा. काही वस्तूच द्यायची असेल तर ते टेस्ट किट द्या, दिसायला काही ते गिफ्ट नाही, पण मासे पाळणारा माणूस त्याच्याकडे साडीकडे बघावं तसं बघतो.

सकरचा निर्णय मात्र वाढदिवसाची वाट न बघता घ्या. तो काच साफ करतो म्हणून दुकानदार गळ्यात मारतात, पण तो फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो, आणि तुमच्या टँकची रुंदीच एक फूट आहे, काही दिवसांनी त्याला वळताही येणार नाही. कुणी म्हणेल मुठेत सोडा, पाषाणच्या नाहीतर कात्रजच्या तलावात सोडा, ते अजिबात करायचं नाही, उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात हे सकर येतात ते असेच कुणीकुणी सोडलेले, आणि स्थानिक माशांची त्याने वाट लागते. मोठा टँक असलेलं कुणी ओळखीत असेल तर विचारा, नाहीतर दुकानदाराला फोन करा, बरेच जण परत घेतात. पैसे देत नाहीत, पण घेतात.